मागे असणे आणि मागे पडणे : संगणकाच्या घड्याळातील एक दोष व त्याचे निदान

घड्याळाविषयी मराठीत दोन निराळी विधाने केली जातात. ‘घड्याळ पाच मिनिटे मागे आहे’ हे एक, आणि ‘घड्याळ रोज पाच मिनिटे मागे पडते’ हे दुसरे. पहिल्यात ‘असणे’ या क्रियापदाने एका क्षणाची स्थिती सांगितली आहे. दुसऱ्यात ‘पडणे’ या क्रियापदाने गती सांगितली आहे. पहिला दोष काटे फिरवून एकदाच दूर होतो. दुसरा तसा दूर होत नाही. त्यासाठी घड्याळजीला घड्याळ उघडावे लागते. या दोहोंपलीकडे एक तिसराही प्रकार संभवतो. धनी कामात असला म्हणजे नीट चालणारे आणि धनी झोपला म्हणजे मंदावणारे घड्याळ कोणी पाहिले नसेल. म्हणून त्याला मराठीत रूढ शब्दप्रयोगही नाही. संगणकात मात्र असे घड्याळ वर्षानुवर्षे प्रत्यक्ष चालत होते, आणि जुन्या यंत्रांतून अद्याप चालते. वीज वाचविण्यासाठी प्रोसेसर आपली गती कमी करतो किंवा झोपी जातो, आणि त्याच्याबरोबर त्याचे घड्याळही रेंगाळते. लिनक्स या प्रणालीच्या संदर्भात या दोषाचे स्वरूप, त्याचे निदान आणि त्यावरील उपाय यांचा विचार येथे करावयाचा आहे.

भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला या विषयाशी काय कर्तव्य, असा प्रश्न साहजिकच उद्भवेल. ध्वनिशास्त्रातील बहुतेक मापनांना या दोषाची बाधा होत नाही, हे आरंभीच सांगितले पाहिजे. मराठीतील प आणि फ यांतील भेद मोजताना स्फोटापासून घोषाच्या आरंभापर्यंतचा काळ ध्वनिमुद्रणातील नमुने मोजून काढला जातो. ते नमुने सेकंदाला ४४,१०० किंवा ४८,००० या वेगाने घेतले जातात आणि तो वेग ध्वनियंत्रणेतील स्वतंत्र स्फटिक ठरवितो. प्रोसेसरच्या घड्याळाचा तेथे संबंध येत नाही. परंतु श्रोत्याला शब्द ऐकवून त्याने कळ दाबेपर्यंतचा काळ मोजावयाचा असेल, दोन यंत्रांवर झालेली मुद्रणे एकमेकांशी जुळवावयाची असतील, किंवा चित्रपटलावर काय केव्हा दाखविले याच्या नोंदी मुद्रणाशी ताडून पाहावयाच्या असतील, तर सारा भरवसा संगणकाच्या घड्याळावर असतो. प्रतिसादकाळाच्या प्रयोगांत वीस-तीस मिलिसेकंदांच्या फरकावर सिद्धान्त उभे राहतात. शिवाय क्षेत्रकार्यात संगणक बॅटरीवर चालतो, म्हणजे वीज वाचविण्याची यंत्रणा जेथे सर्वाधिक जागरूक असते नेमक्या त्याच स्थितीत सामग्री गोळा होते.

संगणकाला काळ कळतो तो मोजणीने. स्फटिक ठरावीक वेगाने कंप पावतो, एक गणक त्या कंपांची संख्या ठेवतो, आणि संख्येला वेगाने भागले की सेकंद मिळतात. १९८१ च्या आयबीएम वैयक्तिक संगणकात १४.३१८१८ मेगाहर्ट्झचा एक स्फटिक होता. अमेरिकेतील रंगीत दूरचित्रवाणीच्या गरजेतून तो स्वस्त झाला होता आणि सहज मिळे, म्हणून तो निवडला गेला. त्याला बाराने भागून १.१९३१८२ मेगाहर्ट्झचा कालगणक चालविला गेला. त्याच स्फटिकाला चाराने भागले की ३.५७९५४५ मेगाहर्ट्झ हा आकडा येतो, आणि पुढे वीजव्यवस्थापनाच्या मानकात जो गणक आला तो याच वेगाने चालतो. दूरचित्रवाणीच्या रंगाचा हा वारसा आजच्या यंत्रांतही टिकून आहे; भाषेतील जीर्ण प्रत्यय अर्थ हरपल्यावरही टिकून राहावेत त्यातलाच हा प्रकार.

१९९३ साली पेंटियम प्रोसेसरबरोबर एक नवा गणक आला. तो प्रोसेसरच्या आतच असे आणि प्रोसेसरच्या प्रत्येक स्पंदाबरोबर एकाने वाढे. त्याचे इंग्रजी नाव ‘टाइम स्टॅम्प काउंटर’, संक्षेपाने टीएससी. बाहेरच्या गणकाचे वाचन करण्यास सुमारे एक मायक्रोसेकंद लागतो. टीएससीचे वाचन त्याच्या एका लहानशा अंशात होते. साहजिकच लिनक्सच्या गाभ्याने, म्हणजे कर्नलने, त्याला पसंती दिली. यंत्र सुरू होताना बाहेरच्या गणकाशी तुलना करून टीएससीचा वेग एकदा ठरवावयाचा आणि त्यानंतर त्याच्याच संख्येवरून काळ सांगावयाचा, अशी ही रीत होती. या रीतीत एक गृहीत दडलेले होते : प्रोसेसरचा वेग कधीही बदलत नाही.

ते गृहीत सन २००० मध्ये कोसळले. इंटेलने त्या वर्षी सुवाह्य संगणकांसाठीच्या पेंटियम ३ मध्ये ‘स्पीडस्टेप’ ही योजना आणली आणि एएमडीने त्याच वर्षी ‘पॉवरनाऊ’ आणली. काम कमी असेल किंवा यंत्र बॅटरीवर असेल तेव्हा प्रोसेसरने आपली गती व विद्युद्दाब उतरवावा, हा दोहोंचा हेतू. समजा, यंत्र २,००० मेगाहर्ट्झवर सुरू झाले आणि कर्नलने २०० कोटी स्पंद म्हणजे एक सेकंद असे ठरविले. नंतर गती १,००० मेगाहर्ट्झवर आली, तर तेवढे स्पंद होण्यास दोन सेकंद लागतील आणि घड्याळ अर्ध्या वेगाने चालेल. उलट, यंत्र बॅटरीवर मंदगतीने सुरू झाले आणि मग वीजजोडणी मिळाली, तर घड्याळ दुपटीने धावेल. जुन्या घटिकापात्राच्या छिद्रावर पाण्याची काटकसर करणारा कोणी बसवावा आणि त्याने आपल्या मर्जीप्रमाणे छिद्र लहानमोठे करावे, तर २४ मिनिटांची घटिका जशी होईल तशीच ही स्थिती होय. गतीतील बदल कर्नल स्वतः घडवून आणत असेल तर त्याला नवा हिशेब करता येतो, आणि तो तसा करीतही असे. परंतु यंत्राच्या मूळ नियंत्रक आज्ञावलीने कर्नलला न कळविता गती उतरविली, तर हिशेब चुकल्यावाचून राहत नाही.

गती उतरविणे हा काटकसरीचा एक मार्ग. झोप हा दुसरा. प्रोसेसरला काही काम नसले की तो विश्रांतीच्या निरनिराळ्या पातळ्यांत जातो. या पातळ्यांना सी-१, सी-२, सी-३ अशी नावे आहेत. आकडा जितका मोठा तितकी झोप गाढ. जुन्या प्रोसेसरांत सी-३ मध्ये टीएससी चक्क थांबत असे. गती उतरल्याने घड्याळ मंदावते, तर गाढ झोपेत ते बंदच पडते, आणि जागे झाल्यावर जेथे थांबले तेथूनच पुढे मोजू लागते. मधला काळ कोणाच्याही खात्यावर जमा होत नाही. २००५ साली एकाच चकतीवर दोन गाभे असलेले ॲथलॉन ६४ एक्स२ हे प्रोसेसर आले तेव्हा यात आणखी एक गुंता उत्पन्न झाला. प्रत्येक गाभ्याचा टीएससी निराळा. त्यांपैकी एक गाभा विश्रांती घेत असता त्याचा गणक मागे पडे, तर दुसऱ्याचा पुढे जाई. एखादी प्रक्रिया पहिल्या गाभ्यावर आरंभ होऊन दुसऱ्यावर संपली, तर तिला लागलेला काळ ऋण निघण्याचीही शक्यता असे. ऋण प्रतिसादकाळ आला तर चूक निदान डोळ्यांत भरते. जो काळ धन आहे पण चुकीचा आहे, तो कोष्टकात निमूटपणे जाऊन बसतो, आणि धोका आहे तो त्याचाच.

कर्नलची जुनी आवृत्ती याहून एका साध्या कारणानेही फसे. २.४ या मालिकेत सेकंदाला १०० ठोके पडत. डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ मालिकेत ते सामान्य वैयक्तिक संगणकांवर १,००० झाले, आणि २००५ मध्ये मूळ नेमणूक २५० वर आणली गेली. ठोके १,००० असताना वीजव्यवस्थापनाच्या गुप्त कामासाठी प्रोसेसर एक मिलिसेकंदाहून अधिक काळ अडकला, की एखादा ठोका हरवे. असे वारंवार झाले तर कर्नल आपल्या नोंदवहीत तसे लिही, स्पीडस्टेप हे एक संभाव्य कारण म्हणून सांगे, आणि आता आपण एका ‘शहाण्या’ कालस्रोताकडे वळत आहोत असे जाहीर करी. यंत्राच्या नोंदीत आलेले हे विशेषण अनपेक्षित खरे. पण त्यातून आज्ञावली लिहिणाऱ्यांचे टीएससीविषयीचे मत पुरेसे स्पष्ट होते.

२००६ च्या २.६.१८ या आवृत्तीपासून कालमापनाची सर्व रचना नव्याने बसविली गेली. निरनिराळे गणक हे ‘कालस्रोत’ म्हणून कर्नलपुढे उमेदवारी करतात, प्रत्येकाला गुणवत्तेचा एक अंक असतो आणि सर्वोत्तम ठरेल तो निवडला जातो. टीएससी, एचपेट हा उच्च अचूकतेचा गणक आणि वीजव्यवस्थापन मानकातील गणक हे त्यांतले तीन प्रमुख होत. तिसऱ्याविषयी एक गंमत सांगण्याजोगी आहे. तो कित्येक यंत्रांत अवघा २४ अंशांचा, म्हणजे द्विमान पद्धतीच्या २४ स्थानांचा, असतो. म्हणून दर ४.७ सेकंदांनी भरतो आणि पुन्हा शून्यापासून सुरू होतो. शिवाय काही जुन्या यंत्रांत एकदा वाचल्यास तो चुकीचा आकडा देई. म्हणून कर्नल तो तीनदा वाचून त्या आकड्यांत मेळ आहे की नाही ते पाहत असे.

निवडलेल्या स्रोतावर पहाराही ठेवला जातो. दर अर्ध्या सेकंदाने टीएससीची तुलना एचपेटशी किंवा वीजव्यवस्थापनाच्या गणकाशी केली जाते, आणि फरक मर्यादेबाहेर गेला तर टीएससी ‘अस्थिर’ ठरवून पदच्युत केला जातो. ही मर्यादा अनेक वर्षे ६२.५ मिलिसेकंद होती. हा आकडा नीट पाहण्यासारखा आहे. अर्ध्या सेकंदात ६२.५ मिलिसेकंद म्हणजे साडेबारा टक्के. गती निम्म्यावर आली तर पहारेकऱ्याच्या हे तत्काळ ध्यानात येईल. परंतु घड्याळ दहा टक्के चुकत असेल, म्हणजे तासाला सहा मिनिटे, तर तो स्वस्थ बसेल. २०२१ पासून ही तपासणी अधिक काटेकोर करण्यात आली. जुन्या आवृत्तीवर चालणाऱ्या यंत्रात मात्र, नोंदवहीत तक्रार नाही म्हणून घड्याळ बरोबर आहे, असे अनुमान काढता येत नाही.

पहारेकरी स्वतःच झोपला तर काय होते, हेही दिसून आले. इंटेलच्या ‘कॉफी लेक’ पिढीतील काही यंत्रांत संपूर्ण चकती अत्यंत गाढ विश्रांतीत गेली की एचपेटच चुकू लागे. टीएससी बरोबर चालत असूनही पहाऱ्यावरच्या एचपेटशी त्याचा मेळ बसेना आणि शिक्षा टीएससीला होई. अखेर २०१९ साली कर्नलने अशा यंत्रांवर एचपेटच बंद केला. निदान करणाराने हे उदाहरण लक्षात ठेवावे : दोन घड्याळांत फरक पडला एवढ्यावरून त्यांपैकी कोणते चुकले हे ठरत नाही, तिसरे, बाहेरचे घड्याळ लागतेच.

प्रोसेसर तयार करणारांनीही दरम्यान दोष दुरुस्त केला. प्रथम टीएससीचा वेग प्रोसेसरच्या बदलत्या गतीपासून अलग करण्यात आला, तरीही गाढ झोपेत तो थांबतच असे. इंटेलच्या कोअर २ ची स्थिती अशीच होती. २००८ च्या ‘नेहालेम’ पिढीपासून झोपेतही तो चालू राहतो. लिनक्समध्ये प्रोसेसरची माहिती देणाऱ्या फाईलीत या दोन गुणांसाठी ‘कॉन्स्टंट टीएससी’ आणि ‘नॉनस्टॉप टीएससी’ अशी दोन निराळी पदे येतात. पहिले पद असून दुसरे नसेल, तर गतिबदलाचे भय नाही, झोपेचे आहे, असा अर्थ घ्यावा. या दोन पदांची गल्लत फार आढळते.

आता प्रत्यक्ष निदान. जालावरील कालप्रमाणाशी घड्याळ जुळवीत राहणारी सेवा प्रथम बंद करावी, कारण ती दोष झाकते. तिने चुकीचा वेग शिकून फाईलीत लिहून ठेवला असेल तर ती नोंदही काढून टाकावी. अन्यथा यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर जुनी चूक नव्या मापनात उतरेल. नंतर बाहेरच्या विश्वसनीय घड्याळाशी एकदा आणि तासाभराने पुन्हा एकदा तुलना करावी. दोन्ही वेळी फरक सारखाच आला तर घड्याळ केवळ मागे ‘आहे’. फरक वाढला तर ते मागे ‘पडते’, आणि मग किती पडते हे पाहावयाचे. साधारण स्फटिकाची चूक दशलक्षात वीस ते पन्नास भाग असते, म्हणजे दिवसाला सुमारे दोन ते चार सेकंद. तेवढ्यावर भागत असेल तर प्रोसेसरला दोष देण्याचे कारण नाही. जुळणीची सेवा हे काम सहज करते. तिची नेहमीची सुधारणामर्यादा दशलक्षात ५०० भाग, म्हणजे दिवसाला ४३.२ सेकंद आहे. त्याहून जास्त चूक असेल तर सेवा हार मानते, किंवा घड्याळाला मधूनमधून एकदम धक्का देते. आणि असा धक्का प्रयोगाच्या मध्यावर बसला तर मापन वाया जाते.

निर्णायक कसोटी यापुढची आहे. तासाभराचे निरीक्षण दोनदा करावे : एकदा यंत्र स्वस्थ ठेवून, एकदा त्याला एकसारखे काम लावून. शक्य असल्यास बॅटरीवर आणि वीजजोडणीवरही निराळे करावे. दोन्ही स्थितींत चुकीचा वेग सारखा राहिला तर वीजव्यवस्थापन निर्दोष आहे. स्वस्थ असता घड्याळ मागे पडते आणि काम असता नीट चालते, असे दिसले तर दोषाचे मूळ सापडले. स्फटिकाला प्रोसेसर जागा आहे की झोपलेला हे कळत नाही. काम आणि विश्रांती यांनुसार ठळकपणे बदलणारी चूक स्फटिकाची असू शकत नाही. वेग बदलता असल्यामुळे जुळणीच्या सेवेलाही ती सावरता येत नाही, कारण स्थिर चूक शिकून घेणे हेच त्या सेवेचे तत्त्व आहे.

या कसोटीचे महत्त्व २०१७ च्या सुमाराच्या एका प्रकरणावरून कळेल. ‘स्कायलेक’ पिढीतील काही कार्यस्थानक-संगणकांत स्फटिक २४ मेगाहर्ट्झचा होता आणि कर्नलने तो २५ चा धरला होता. घड्याळ चार टक्क्यांनी, म्हणजे तासाला १४४ सेकंदांनी, मागे पडू लागले. ही चूक पहारेकऱ्याच्या साडेबारा टक्क्यांच्या आत बसणारी होती. हे गणिताच्या गृहीतातील चुकीचे फळ होते. वीजव्यवस्थापन बंद करून काही साधले नसते. काम आणि विश्रांती यांच्या तुलनेने ते प्रथमदर्शनीच वेगळे काढता येते, कारण दोन्ही स्थितींत घड्याळ सारखेच मागे पडते.

उपाय करताना एका वेळी एकच गोष्ट बदलावी. प्रथम गतीचे नियंत्रण ‘परफॉर्मन्स’वर ठेवून पाहावे, चूक गेली तर कारण गतिबदल. न गेल्यास यंत्र सुरू करताना कर्नलला आज्ञा देऊन झोपेची पातळी सी-१ पर्यंत मर्यादित करावी. आता चूक गेली तर कारण गाढ झोप. ही निदानाची साधने होत, कायमचे उपाय नव्हेत. झोप नाकारलेला प्रोसेसर तापतो, पंखा फिरू लागतो, आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत पंख्याची घरघर घड्याळाच्या चुकीइतकीच घातक असते. कायमचा उपाय म्हणजे कालस्रोत बदलणे. कर्नलच्या सिस या फाईलवृक्षात उपलब्ध कालस्रोतांची यादी आणि सध्याचा स्रोत दोन्ही वाचता येतात. तेथेच नवे नाव लिहिले की यंत्र चालू असतानाच बदल होतो, आणि यंत्र सुरू करतानाच्या आज्ञेत लिहिले की तो टिकतो. एचपेट किंवा वीजव्यवस्थापनाचा गणक टीएससीपेक्षा सावकाश वाचला जातो, ही तक्रार मोठ्या माहितीकेंद्रांना असेल. मिलिसेकंदांत विचार करणाऱ्या प्रयोगाला एका मायक्रोसेकंदाचे ओझे नाही. याउलट, टीएससी विश्वसनीय माना आणि पहारा उठवा अशीही एक आज्ञा आहे. कारण न शोधता ती देणे म्हणजे ताप आला असता तापमापक फोडण्यासारखे आहे.

नव्या यंत्रांवर हा दोष क्वचितच आढळेल. गाढ झोपेतून उठावयास लागणारे काही दशक ते काही शे मायक्रोसेकंद हा विलंब आहे, गतीतील चूक नव्हे, आणि तो साठत जात नाही. साध्या यूएसबी कळफलकाची विचारपूस सेकंदाला १२५ वेळा होते, म्हणजे तेथेच आठ मिलिसेकंदांपर्यंतची अनिश्चिती असते; नव्या यंत्रावर प्रतिसादकाळ मोजणाराने आधी तिची चिंता करावी. आज्ञावली लिहिताना मात्र अंतर मोजण्यासाठी दिनांक-वेळेचे घड्याळ न वापरता एकाच दिशेने वाढणारे ‘मोनोटॉनिक’ घड्याळ वापरावे, म्हणजे जुळणीच्या धक्क्यापासून तरी मापन सुरक्षित राहते. यंत्र पूर्ण निद्रेत गेलेला काळ हे घड्याळ मोजत नाही; तोही हवा असेल तर २०११ पासून ‘बूटटाइम’ हे निराळे घड्याळ उपलब्ध आहे.

खरा प्रश्न आहे तो साधारणपणे २००० ते २००८ या काळात जमविलेल्या सामग्रीचा. ती यंत्रे गेली, नोंदवह्या पुसल्या गेल्या, परंतु कोष्टके आणि मुद्रणे उरली आहेत आणि त्यांच्यावर आजही काम चालते. तेथे एक तपासणी शक्य आहे. प्रयोगाच्या वेळी अखंड ध्वनिमुद्रण चालू असेल आणि ऐकविलेले शब्द त्यात उमटले असतील, तर पहिल्या आणि शेवटच्या शब्दांमधील अंतर नमुने मोजून काढावे व तेच अंतर संगणकाच्या नोंदीवरून काढावे. ध्वनियंत्रणेचा स्फटिक स्वतंत्र असल्याने दोन आकड्यांत तासामागे दोनएकशे मिलिसेकंदांपर्यंत फरक पडणे स्वाभाविक आहे. काही सेकंदांचा फरक आला, तर मधल्या प्रत्येक शब्दाशी तोच हिशेब करावा. फरक समान चढणीने वाढत गेला असेल तर एका गुणकाने कोष्टक सुधारता येते. तो पायऱ्यापायऱ्यांनी, विशेषतः विश्रांतीच्या जागी, वाढला असेल तर प्रोसेसर त्या त्या वेळी झोपला होता असे समजावे. तेथील प्रतिसादकाळ संगणकाच्या नोंदीवरून न घेता, कळ दाबल्याचा आवाज मुद्रणात सापडत असेल तर त्यावरून पुन्हा मोजावेत, आणि सापडत नसेल तर ते वगळावेत.